रिसर्च नर्सचं समाधान आणि कामगिरी : गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बांबोळीहून नर्सिंग करून बाहेर पडलेल्या मुली, वॉर्डातून रिसर्चकडे वळू पाहणाऱ्या सिस्टर आणि कधीकधी त्यांच्या घरची माणसं जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही प्रश्न डॉक्टरांनी आणि हॉस्पिटल चालवणाऱ्यांनी विचारलेले आहेत. ती उत्तरं जरा लांबली आहेत, कारण बदल करणं त्यांच्याच हातात आहे.

रिसर्च नर्स नेमकं काय करते?

एखाद्या औषधाची, लसीची किंवा उपचाराची चाचणी सुरू असते तेव्हा पेशंटची रोजची गाठ पडते ती रिसर्च नर्सशी. पेशंट अभ्यासात बसतो का ते ती तपासते. डॉक्टरांबरोबर कन्सेंटचं, म्हणजे संमतीचं, बोलणं करते, रक्त काढते, नमुना ठरल्या वेळेत सेंट्रिफ्यूजला (रक्ताचे घटक वेगळे करणाऱ्या यंत्राला) लावते. औषध २ ते ८ अंशांत राहिलंय ना ते बघून लॉग भरते, पुढच्या व्हिजिटसाठी फोन करते. आणि झालेली प्रत्येक गोष्ट तारीख, वेळ, सहीनिशी लिहून ठेवते, कारण जे लिहिलेलं नाही ते झालंच नाही असं मॉनिटर, म्हणजे चाचणीच्या नोंदी तपासायला येणारा माणूस, धरतो.

अमेरिकेत या कामाला २०१६ साली नर्सिंगची स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. आपल्याकडे नोंदणी नर्स म्हणूनच असते, आणि हातात पडणाऱ्या नेमणुकीच्या ऑर्डरवर कधी ‘स्टडी कोऑर्डिनेटर’ लिहिलेलं असतं, कधी नुसतं ‘प्रोजेक्ट स्टाफ’. घरी सांगायला नाव नसलेलं काम करणं अवघड जातं. डिचोली-सत्तरीकडच्या घरांत अजूनही विचारतात, ‘मग तू वॉर्डात नाहीस तर नर्स कसली?’

गोव्यात एवढं संशोधन होतं का?

होतं. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजची परंपरा १८४२ सालच्या, पोर्तुगीज काळातल्या वैद्यकशाळेपर्यंत मागे जाते. मलेरियावर इथे बरीच वर्षं काम झालं आहे. पर्वरीच्या ‘संगाथ’ संस्थेची नैराश्यावरची ‘मानस’ चाचणी २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तीत डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी दवाखान्यांत पेशंट सांभाळले आणि सरकारी आरोग्य केंद्रांत त्याचा गुण दिसला. नर्स नसलेल्या माणसांचा हा दाखला मी मुद्दाम देते. प्रशिक्षण, देखरेख आणि विश्वास मिळाला की कामाचा दर्जा चढतो, हे आपल्याच तालुक्यांत दिसून गेलेलं आहे.

समाधान असलं की काम चांगलं होतं, हे सिद्ध झालंय का?

काही प्रमाणात. २००१ साली एका मोठ्या विश्लेषणात ३१२ नमुन्यांतल्या ५४,४१७ नोकरदारांची माहिती एकत्र तपासली गेली. समाधान आणि कामगिरी यांच्यातला सहसंबंध सुमारे ०.३० निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). त्याआधी, १९८५ सालच्या अशाच एका विश्लेषणात तो ०.१७ होता. म्हणजे संबंध आहे, पण ‘खूश माणूस हमखास चांगलं काम करतो’ असं म्हणण्याइतका घट्ट नाही. गुंतागुंतीच्या, डोकं चालवावं लागणाऱ्या कामांत मात्र तो जास्त घट्ट दिसला, आणि आपलं काम त्याच जातीचं आहे.

हा संबंध उलट्या दिशेनेही चालतो, हे लोक विसरतात. काम नीट करता आलं की समाधान वाटतं. प्रिंटर बंद, कन्सेंट घ्यायला खोली नाही, फ्रीजर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट पेशंटच्या ट्रॉल्यांनी अडलेली, अशा ठिकाणी मन लावून काम करणारी सिस्टरच आधी वैतागते. जिला फिकीर नाही तिला त्रासही नसतो. म्हणून तक्रार करणारी नर्स कमी दर्जाची, हा निष्कर्ष घाईचा आहे.

रिसर्च नर्सची कामगिरी कशावर मोजावी?

या प्रश्नावर माझं मत ठाम आहे : किती पेशंट घेतले, या एकाच आकड्यावर मोजू नये.

बहुतेक ठिकाणी नेमकं तेच होतं. दर सोमवारी स्पॉन्सरचा, म्हणजे चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीचा किंवा संस्थेचा, मेल येतो, ‘या आठवड्यात एनरोलमेंट किती?’ तोच प्रश्न पीआय (प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे चाचणीचे प्रमुख डॉक्टर) सर विचारतात, तोच सीआरओवाले (स्पॉन्सरसाठी चाचणीचं काम बघणारी कंपनी). मग सिस्टरच्या मनात पेशंटच्या नकाराची भीती बसते. कन्सेंट हे संशोधनाचं सगळ्यात नाजूक काम, आणि बढती-इन्क्रीमेंट त्याच्या आकड्याला बांधलं की नर्सवर नकळत दबाव येतो. तो दबाव पुढे पेशंटपर्यंत जातो. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आणि २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम, दोन्हींचा पाया पेशंटची स्वखुशीची संमती हा आहे. आकड्याच्या मागे लागलेली साइट, म्हणजे चाचणी चालवणारं हॉस्पिटल, तो पाया पोखरते.

मोजायचंच असेल तर मी या गोष्टी बघीन. घेतलेल्या पेशंटपैकी शेवटच्या व्हिजिटपर्यंत किती टिकले? ‘नाही’ म्हणणाऱ्यांची नोंद नीट ठेवली का, आणि त्यांचे नेहमीचे उपचार काहीही न बिघडता चालू राहिले का? एकच चूक पुन्हा पुन्हा होते की एकदा क्वेरी (नोंदीबद्दलची विचारणा) आल्यावर थांबते? आणि पेशंटला विचारलं तर तो स्वतःच्या शब्दांत सांगू शकतो का की तो कशात सामील झालाय?

काही कामगिरी तर कुठल्याच तक्त्यात बसत नाही. जूनच्या पहिल्या वादळात रात्री वीज जाते आणि जनरेटर उचल घेत नाही. ड्युटीवर नसलेली सिस्टर घरून निघते, बर्फाचे पॅक आणि थर्मामीटर घेऊन चाचणीचं औषध दुसऱ्या विभागाच्या फ्रीजमध्ये हलवते, आणि किती मिनिटं तापमान किती अंशांवर गेलं ते टॉर्चच्या उजेडात लिहून ठेवते. सकाळी लॉगवर एक ओळ दिसते, बाकी काही नाही. ती ओळ वाचून कुणीतरी तिला ‘बरं केलंत’ म्हणायला हवं. हे हॉस्पिटलांना अजून शिकायचं आहे.

या कामात सगळ्यात मोठं समाधान कशात असतं?

पेशंटला वेळ देता येतो यात. वॉर्डात एका सिस्टरकडे इतके पेशंट असतात की नाव लक्षात ठेवायलाही सवड नसते. रिसर्चमध्ये तोच पेशंट वर्ष-दोन वर्षं तुमच्याकडे येतो. त्याच्या मुलीचं लग्न, काजूचं यंदाचं पीक, गुडघ्याचं दुखणं, सगळं तुम्हाला ठाऊक असतं.

सत्तरीतल्या एका आजीचं कन्सेंट चाललं होतं. मुलगा घाईत होता, ‘सही कुठे करायची ते सांगा’ म्हणत होता. सिस्टरने त्याला शांतपणे बसवलं. आजींना वाचता येत नव्हतं, म्हणून नियमाप्रमाणे अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार सुरुवातीपासून बोलावला. सगळं सांगून झाल्यावर आजींना विचारलं, ‘आता तुम्ही मला सांगा, काय कळलं?’ आजींनी बरोबर सांगितलं, अगदी मधेच सोडता येतं हेसुद्धा. मग सिस्टरचा हात धरून विचारलं, ‘म्हाका कितेंय जालें जाल्यार तुमी आसतलीं न्ही?’ (मला काही झालं तर तुम्ही असाल ना?)

ज्यांना हा प्रश्न ऐकायला मिळालाय त्यांना समाधान म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. पण त्या सिस्टरची ऑर्डर सहा महिन्यांची होती आणि आजींचा फॉलोअप दोन वर्षांचा. ‘असेन’ म्हणताना तिला काय वाटलं असेल, ते ऑर्डर काढणाऱ्यांनी समजून घ्यावं.

मग सगळ्यात जास्त काय खटकतं?

नोकरीची मुदत. प्रोजेक्ट संपला की पोस्ट संपते, आणि नवीन ऑर्डर बऱ्याचदा जुनी संपल्यावर येते. मधल्या दिवसांत पेशंटचे फोन थांबत नाहीत, पगार मात्र थांबतो.

त्याखालोखाल दोन मालक असणं. मेट्रन मॅडमच्या लेखी तुम्ही वॉर्डाच्या नाही, पीआयच्या लेखी तुम्ही नर्सिंगच्या. रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा, इथपासून गोंधळ. मग श्रेय. डेटा गोळा करणाऱ्या सिस्टरचं नाव पेपरच्या आभारातही नसतं, असं किती वेळा होतं! लेखक म्हणून नाव येण्याचे निकष वेगळे आहेत, ते मान्य. पण आभारात नाव लिहायला पैसे पडत नाहीत, आणि अभ्यासाचा निष्कर्ष काय निघाला हे निदान त्या टीमला आधी सांगावं.

पगार वाढवला की प्रश्न सुटतो का?

पगार कमी असेल तर आधी तोच वाढवा. त्यावर भाषण नको. १९५९ साली मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गने पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंटांशी बोलून मांडलं होतं की पगार, नियम, देखरेख या गोष्टी बिघडल्या की असमाधान वाढतं, पण त्या सुधारल्या म्हणून आपोआप समाधान येत नाही. ते येतं कामाच्या स्वरूपातून, जबाबदारीतून, मिळालेल्या मान्यतेतून. या मांडणीवर नंतर पुष्कळ टीका झाली. काही व्यवस्थापक मात्र तिचा सोयीचा अर्थ काढतात की पैसे दुय्यम आहेत. पेडण्याहून रोज बांबोळीला येणाऱ्या, घरभाडं आणि मुलांची फी भरणाऱ्या नर्सला पैसे दुय्यम नसतात.

वॉर्डाची आणि रिसर्चची ड्युटी एकत्र दिली तर?

शक्यतो देऊ नये. २००२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ हॉस्पिटलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका नर्समागे एक पेशंट वाढला की तिच्या असमाधानाची शक्यता १५ टक्क्यांनी आणि बर्नआउटची (कामाच्या ताणाने पार गळून जाण्याची) २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. शस्त्रक्रियेच्या पेशंटांत ३० दिवसांच्या आत मृत्यूची शक्यताही ७ टक्क्यांनी वाढलेली होती. तो अभ्यास वॉर्डांचा होता. पण ज्या सिस्टरला नाइट करून सकाळी आठला रिसर्चचं रक्त काढायचंय, तिच्या हातून वेळेची नोंद चुकली तर दोष फक्त तिचा कसा? कामाचे तास कागदावर वाटून द्या, आणि वॉर्डात माणूस कमी पडला की पहिला फोन रिसर्च नर्सला जाणार नाही अशी लेखी सोय करा.

भाषेचा समाधानाशी काय संबंध?

गोव्यात फार जवळचा. एकाच सकाळी ओपीडीत पेडण्याचा पेशंट मराठी वाचतो आणि कोंकणी बोलतो, साष्टीतली बाई रोमी लिपीत वाचते, दोडामार्ग-बांद्याहून आलेले काका मालवणी बोलतात आणि कारवारच्या कुटुंबाला कन्नड फॉर्म हवा असतो. मंजूर झालेला कन्सेंट फॉर्म मात्र बऱ्याचदा दूरच्या कुठल्यातरी ऑफिसात भाषांतर होऊन येतो. भाषा इतकी जड की शिकलेल्या माणसालाही दोनदा वाचावी लागते. एथिक्स कमिटीने (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीने) मंजूर केलेला मजकूर सिस्टरला बदलता येत नाही. ती तो पेशंटच्या भाषेत समजावते, चाळीस-चाळीस मिनिटं. बजेटमध्ये या वेळेचा एक रुपया नसतो.

उपाय सोपा आहे. भाषांतराचा कच्चा मसुदा कमिटीकडे जाण्याआधी रिसर्च नर्सला वाचायला द्या आणि तिच्या दुरुस्त्या घ्या. जिथे हे होतं तिथे दोन गोष्टी सुधारतात. पेशंटला कमी वेळात कळतं, आणि अभ्यासाच्या मजकुरात आपलाही हात आहे हे सिस्टरला जाणवतं.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत व्हिजिट चुकतात, आणि डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीत झालेली चूक) आमच्या नावावर लागतं. काय करावं?

व्हिजिटची मुभा तीन दिवसांची, आणि चवथीला माणूस मूळ घरी पाच, सात, नऊ दिवस. फोन लागत नाही, लागला तर ‘विसर्जन झालं की येतो’. पेशंटला अभ्यासात घेतानाच पुढच्या सगळ्या तारखा काढा. त्यांच्याशेजारी चवथ, शिगमो, गावची जत्रा, डिसेंबरातलं ओल्ड गोव्याचं फेस्त, नाताळ लिहा. तारीख अडचणीत येणार असेल तर पीआयना बोलून मुभेतला सोयीचा दिवस आधीच धरा. दूरच्या पेशंटला कदंब बसच्या तिकिटाचे पैसे त्याच दिवशी हातात मिळतील असं बघा. प्रवासखर्च तीन महिन्यांनी मिळतो तिथे पेशंट गळतात आणि बोलणी सिस्टर खाते. एवढं करूनही व्हिजिट चुकली तर नोंदीत खरं कारण लिहा. तो तुमच्या कामातला दोष धरला जाऊ नये, हे मॉनिटरला पीआयनी सांगायचं असतं.

एसएईच्या चोवीस तासांची धास्ती वाटते.

वाटणारच. २०१९ च्या नियमांनुसार गंभीर प्रतिकूल घटना (एसएई) घडली की २४ तासांच्या आत केंद्रीय परवाना प्राधिकारी, स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटी यांना कळवायचं असतं. उशीर झाला तर कारण द्यावं लागतं, आणि नीट विश्लेषण केलेला अहवाल १४ दिवसांत. कायद्याने ही जबाबदारी इन्व्हेस्टिगेटरची आहे, नर्सची नव्हे. हे प्रत्येक रिसर्च नर्सने पाठ करून ठेवावं. प्रत्यक्षात रात्री दोनला फोन तुमचाच वाजतो. म्हणून अभ्यासाचा वेगळा मोबाइल असावा, तो आळीपाळीने सांभाळावा, आणि तुमचा खासगी नंबर पेशंटच्या कार्डावर छापू देऊ नये.

हा नुसता थकवा की बर्नआउट?

सुट्टीनंतर उतरतो तो थकवा. बर्नआउट मोजण्यासाठी १९८१ पासून मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांची २२ प्रश्नांची मोजपट्टी वापरात आहे. तीत भावनिक थकवा, माणसांविषयी कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना अशा तीन बाजू आहेत. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणच्या साचलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणते. आमच्या कामात त्याची एक खूण मी पाहिली आहे : पेशंटचं नाव आठवेनासं होतं, चाचणीतला सब्जेक्ट नंबर तेवढा आठवतो. असं व्हायला लागलं तर वरिष्ठांशी बोला, आणि झोप-भूक बिघडली असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आमच्या हॉस्पिटलला नर्सच्या समाधानाचा सर्व्हे करायचा आहे. कसा करावा?

तयार प्रश्नावल्या आहेत. १९८५ साली प्रसिद्ध झालेली, ३६ विधानांची आणि नऊ पैलूंची पॉल स्पेक्टरची प्रश्नावली बरीच वापरली जाते. पण गोव्यात अडचण प्रश्नावलीची नाही, गुप्ततेची आहे. विभागात चार रिसर्च नर्स. फॉर्मवर वय, तालुका, अनुभवाची वर्षं लिहायला लावली की नाव न लिहिताही कोण ते कळतं. इथे प्रत्येकजण प्रत्येकाच्या मावशीला ओळखतो. मग सगळे फॉर्म ‘समाधानी’ म्हणून भरून येतात आणि आलेख सुंदर दिसतो. वैयक्तिक माहिती मागूच नका. दोन-तीन हॉस्पिटलांनी मिळून सर्व्हे करा, फॉर्म बाहेरच्या माणसाने गोळा करावेत. आणि निकाल नर्सना दाखवण्याची तारीख आधीच जाहीर करा. निकाल दाखवायचे नसतील तर सर्व्हे न केलेला बरा, कारण विचारून काहीच न करणं माणसाला जास्त लागतं.

कॉन्ट्रॅक्टवर असताना बाळंतपणाची रजा मिळते का?

बाळंतपणाच्या लाभाचा कायदा लागू असलेल्या आस्थापनेत, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांचा पगारी लाभ आहे. कॉन्ट्रॅक्टची मुदत मधेच संपली तरी हा लाभ त्यापुढे चालू राहू शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला आहे. ‘प्रोजेक्ट स्टाफला नसते’ असं तोंडी सांगितलं तर ते लेखी मागा.

पीआय म्हणून मी उद्यापासून काय करू शकतो?

नवीन अभ्यासाचं बजेट ठरवताना नर्सला खोलीत बसवा. एका व्हिजिटला खरोखर किती वेळ लागतो हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. पेशंट अभ्यासात घेण्यायोग्य वाटत नाही असं ती म्हणाली तर थांबा आणि ऐका. तिचा तो अधिकार टीमसमोर बोलून दाखवा. मॉनिटर आल्यावर चुकांच्या यादीसमोर तिला एकटीला बसवू नका.

ऑर्डर संपताना काय मागून घ्यावं?

अनुभवाचा दाखला, आणि त्यात नुसतं ‘प्रोजेक्टमध्ये काम केलं’ नको. अभ्यासाचं नाव, टप्पा, कालावधी, आणि डेलिगेशन लॉगमध्ये (कुणाला कोणतं काम सोपवलंय त्या नोंदवहीत) तुमच्या नावावर असलेली कामं तशीच्या तशी लिहून घ्या. जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे चाचण्या नीट करण्याचे नियम) प्रमाणपत्र आणि इतर प्रशिक्षणांच्या प्रती स्वतःकडे ठेवा. पेशंटची कसलीही माहिती, फोन नंबरसुद्धा, बरोबर नेऊ नका. शेवटच्या आठवड्यात मात्र ऑफिसच्या फोनवरून प्रत्येक पेशंटला एकदा कळवा की पुढच्या व्हिजिटला कोण भेटणार आहे, आणि जमलं तर नव्या सिस्टरला त्याच फोनवर दोन शब्द बोलायला द्या.